गावात घर: तयार घ्यावं की बांधावं? दिवाळीआधी करायची तयारी

गावी घर करायचं म्हटलं की बोलणी किमतीपासून सुरू होतात. किंमत थोडी बाजूला ठेवा. आधी पायाखालची माती आणि मालकाच्या हातातले कागद बघा. हे दोन्ही नीट पाहिले की घ्यायचं की बांधायचं, हे बऱ्याच वेळा तिथंच ठरतं.

अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायवा तिच्यातच टेकलेला असेल तर तोही तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून बांधायचा विचार असेल तर प्लॉटच्या दोन टोकांना सहा-सात फूट खोल खड्डे घेऊन मुरूम कुठे लागतो ते बघा. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागला तर कॉलमचं फुटिंग (तळाचा रुंद पाया) त्यावर टेकवायचं, वर प्लिंथ बीम (जोत्याचा आडवा बीम) बांधायचा, काम सरळ आहे. खड्डा संपला तरी काळीच माती निघत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा जागी तळाशी फुगा असलेले अंडर-रीम पाइल घ्यावे लागतात आणि पायव्याचा खर्च चढतो. मातीची फुगण्याची ताकद मोजायची साधी चाचणीही आहे. वाळवून चाळलेली 10-10 ग्रॅम माती एका मापाच्या नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकून 24 तास ठेवतात. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा दीडपटीहून जास्त भरलं तर ती माती धोक्याची. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करून मिळतं.

भंडारा, गोंदियाकडे वेगळी अडचण. तिथे धानाची बांधी बुजवून पाडलेले प्लॉट असतात. भरण ताजं असेल तर ते बसत राहतं, त्यामुळे पायवा भरणाच्या खाली मूळ जमिनीपर्यंत न्या. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर बांधकाम करू नका. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. खारं पाणी आतली सळाख गंजवतं आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे सुटतात. गोड्या पाण्याचा टँकर हिशेबात धरा.

आता तयार घर. आठ-दहा पावसाळे काढलेल्या घराचा फायदा असा की त्याला फाटायचं असेल तर ते एव्हाना फाटलेलं असतं. ते नुसतं वाचता आलं पाहिजे. शक्य असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी बघा. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघा सोडून द्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या सांध्यांनी पायऱ्या उतरत गेलेली भेग मात्र पायव्याकडून आलेली असते. ती वर रुंद आणि खाली बारीक असेल तर घराचा तो कोपरा बसतोय. 5 मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली की दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय भाव बोलू नका. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहून ठेवली तर पुढच्या भेटीत ती हलली का ते कळतं. घर नुकतंच रंगवलेलं असेल तर कपाटाच्या मागची आणि जिन्याखालची भिंत बघा, तिथपर्यंत सहसा रंग पोचत नाही. भिंतीलगत मोठं झाड, न्हाणीचं पाणी जोत्याशी मुरणं, भोवती फरसबंदी नसणं, ही कारणं असतील तर इलाज आहे: चार-पाच फूट रुंदीचा उताराचा पट्टा आणि पक्की नाली. वणी, चंद्रपूरकडे उघड्या कोळसा खाणीजवळच्या गावात भेगा सुरुंगाच्या हादऱ्यानेही पडतात. तिथे गाव खाणीच्या संपादनात आहे का, हे भेगांच्याही आधी तपासा. धरणाच्या बुडीत क्षेत्राचं आणि नदीच्या पूररेषेचंही तसंच.

मातीच्या भिंतीचं, कवेलूचं (कौलांचं) जुनं घर घेत असाल तर हिशेब मोकळ्या जागेचाच करा. त्यात सागवानाची किंमत मिळवा, पाडण्याचा आणि मलबा उचलण्याचा खर्च वजा करा. सागवान सुऱ्याने टोचून बघा. सुरा सहज आत गेला तर उधळी (वाळवी) लागलेली आहे. एक मात्र खरं, मेमधल्या दुपारी कवेलूखाली जेवढं बसवतं तेवढं उघड्या स्लॅबखाली बसवत नाही.

कागदांना वेळ द्या, कारण व्यवहार इथेच अडतात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मालक दाखवतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, आणि ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात आखीव पत्रिका (मिळकतीची सरकारी नोंद) मिळते, ती मागा. नसेल तर कर्जाला बँक अडून बसू शकते. घर वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, बहिणींच्याही. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे आणि सासरी गेलेल्या बहिणीची राहिलेली सही पुढे कोर्टात निघते. प्लॉट गावठाणाबाहेर असेल तर सातबारावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते बघा; वर्ग 2 ला परवानगीशिवाय विक्री नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, गडचिरोली, मेळघाट, यवतमाळात हे आधी विचारा. शेतातला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा स्टॅम्प पेपरवर मिळतोय म्हणून घेऊ नका. वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा शोध काढून घ्या आणि बांधण्याआधी ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 खालची ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या.

घरकुल मंजूर असेल तर प्रश्नच बदलतो. ते अनुदान बांधायला मिळतं, तयार घर विकत घ्यायला नाही, आणि हप्ते बांधकामाच्या टप्प्याचा फोटो सरकारी नोंदीत चढल्यावर येतात. पुढच्या टप्प्याचा माल आधी आपल्या पैशाने पडतो.

बांधायचं ठरलं तर 600 चौरस फुटांच्या कॉलम-बीमच्या घराला अंदाजे 240 पोती सिमेंट, दोन ते अडीच टन लोखंड, 10-11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती आणि 8 ब्रास गिट्टी धरा. खोल पायवा किंवा पाइल याच्या वेगळं. रेतीला रॉयल्टीची पावती घ्या, पावसाळ्यात घाट बंद असतात म्हणून साठा आधी. पायव्याच्या चरात आणि जोत्याखाली उधळीची फवारणी: 20 टक्क्यांचं क्लोरपायरिफॉस 1 लिटर आणि पाणी 19 लिटर, दर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण. जोतं झाल्यावर हे नीट जमत नाही.

काम कधी काढायचं यावरही बरंच अवलंबून आहे. सोयाबीन सवंगणीत आणि कापूस वेचणीत मजूर मिळत नाहीत, रेजा (बांधकामावरच्या बाया) तर नाहीच. पायवा दिवाळीनंतर लगेच काढा, स्लॅब फेब्रुवारीत पडेल असं बघा. एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकला तर उन्हाने काँक्रीट ओलं असतानाच तडकतं आणि विहिरी आटल्याने पाणी मारायला पाणी नसतं. बाजारातल्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस, जमलं तर 14, पाणी हवं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान 7 दिवस आणि बीमखालचे 14 दिवस काढू देऊ नका, सेंट्रिंगवाल्याला दुसरीकडे कितीही घाई असो.

तयार घर पसंत पडलं तर इसार चेकने द्या. इसारपत्रात चारही बाजूंच्या हद्दी, मोजणीतून निघालेलं क्षेत्र, थकलेला घरकर आणि वीजबिल कोण भरणार, विक्रीपत्राची तारीख, आणि एखाद्या वारसाने सही नाकारली तर इसार किती दिवसांत परत, हे सगळं लिहून घ्या. घर भाडेकऱ्याकडे किंवा भावाकडे असेल तर मोकळा ताबा मिळाल्यावरच शेवटची रक्कम, हेही त्यातच.