स्पीकरचा स्टॉल लावण्याआधी: नावं, नावं, मग बाकीचं

टेबलावर जुन्या ट्रंका, डबे, रेडिओच्या पेट्या यांचे बनवलेले अकरा स्पीकर आणि ब्लूटूथवर अकरांचंही नाव एकच. गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, सोलापुरातल्या एका दोन दिवसांच्या प्रदर्शनात मी हे करून बसलो. ट्रंकेचा स्पीकर बघायला आलेल्या माणसानं मोबाईलवर यादी उघडली, एकाखाली एक तेच नाव दिसलं, त्यानं आपलं मधलं एक दाबलं आणि गाणं वाजलं बिस्किटाच्या डब्यातून. डबा तेव्हा एका काकूंच्या हातात होता. त्या दचकल्या, डबा पडता पडता वाचला. पलीकडून एक पोरगं ओरडलं, "ओ मालक, माझं गाणं त्यांच्याकडं वाजायलंय की!" अर्ध्या तासात कुठला फोन कुठल्या डब्याला चिकटलाय हे मलाही सांगता येईना. त्या दिवशी एकच नग गेला, तोही ऑक्सची वायर लावून ऐकवला म्हणून.

तेव्हा जुन्या वस्तूंचे स्पीकर करून विकणाऱ्यांनी यादी इथून सुरू करावी. ब्लूटूथ मॉड्यूल, म्हणजे आत बसवायचा छोटा ब्लूटूथ बोर्ड, घेतानाच दुकानदाराला विचारायचं, नाव बदलता येतं का? काहींचं बदलतं: यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (मॉड्यूल लॅपटॉपला जोडणारा तुकडा) लावून लॅपटॉपवरून एटी कमांड, म्हणजे टाइप केलेला हुकूम, द्यायची, दोन मिनिटांचं काम. काहींचं जन्मात बदलत नाही. दहा-वीस रुपये वाचवायला दुसऱ्या प्रकारचं घेऊ नका, मी घेतलं होतं. नाव रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे स्वस्त मॉड्यूलमध्ये नाव मध्येच तुटतं. आणि नाव बदलल्यावरही तुमचा फोन जुनंच दाखवत राहील, कारण ते त्याच्या लक्षात असतं. जोडणी काढून टाका, पुन्हा शोधा, मगच कमांड चुकली म्हणून डोकं धरा.

आता माल. भंगारात फिरणाऱ्याला काय उचलायचं ते कळतंच, त्यावर शब्द घालवत नाही. फक्त चालू रेडिओ फोडू नका. मर्फी, बुश, फिलिप्स, काही असो, आतलं सगळं गेलंय आणि पेटी तेवढी उरलीय असाच घ्या. आतले कागद फेकायच्या आधी बघा. एके काळी रेडिओला पोस्टातून परवाना लागायचा. मला एका पेटीत ते पुस्तक सापडलं, आत फीची तिकिटं चिकटवलेली. ते मी स्पीकरसोबतच दिलं, आणि गिऱ्हाईक आवाज ऐकायचं सोडून तेच चाळत बसलं. बॅकेलाइटला, म्हणजे जुन्या पेट्यांच्या कडक प्लास्टिकला, भोक पाडताना मागून लाकडाचा ठोकळा दाबून धरा, ड्रिल हळू चालवा, नाहीतर तडा जातो आणि तो कशानंच लपत नाही. जुन्या पत्र्याचा रंग कोरड्या पॉलिशपेपरनं घासू नका. त्या रंगांत शिसं असायचं. तसाही उडालेला रंगच लोकांना आवडतो, घासता कशाला?

ट्रंकेच्या मुठीला मी यंत्रमागाचा जुना लाकडी धोटा (शटल) लावतो. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मधल्या खोबणीत कांडी बसायची, बाजूला सूत बाहेर यायचं ते बारीक भोक, आणि वर्षानुवर्षं मागावर पळून लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं की पॉलिश लावायला मन होत नाही. पूर्व भागातली, म्हणजे सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीतली माणसं स्टॉलवर आली की आधी त्यावर हात फिरवतात, स्पीकरचं नंतर विचारतात. पण ट्रंकेचा पत्रा पातळ असतो. बोल्ट नुसता पत्र्यात आवळला तर वजनानं पत्रा फाटतो. आतून प्लायची पट्टी, दोन्हीकडून मोठे वॉशर. ही चूक मी केलेली नाही, दुसऱ्याची बघितली आहे.

जाळीला सोलापुरी चादर लावायचा मोह होईल. मलाही झाला होता. दिसते झकास, पण वीण इतकी जाड की वरचे सूर आतच राहतात. कापड तोंडाला लावून फुंका, फुंकर सहज पार गेली तर आवाज जाईल. चादरीचे तुकडे पॅकिंगला वापरा.

बॅटरी. तीन लिथियम सेल सिरीजमध्ये म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट. बीएमएस (सेल सांभाळणारं संरक्षक सर्किट) हवाच, चार्जरही १२.६ चा लिथियमचाच, घरात पडलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर नाही. सेलवर थेट सोल्डर करू नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्या. आणि पिन बसते म्हणून कुणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर खुपसणारच, तेव्हा सॉकेटशेजारी आकडा ठळक लिहा. जानेवारीत त्रास नाही, पण मे महिन्यात बंद टेम्पोत उन्हात ठेवलेली पत्र्याची ट्रंक गाडीतून काढल्या काढल्या चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करत नाहीत, आणि आपल्याकडे नुसती हवाच त्याच्या आसपास जाते.

पत्र्याच्या डब्यात ब्लूटूथ कोंडलं जातं हेही आलंच. मॉड्यूलचं अँटेनाचं टोक जाळीच्या भोकामागे आणा किंवा प्लास्टिकच्या झाकणाखाली. नाहीतर फोन चार पावलं लांब गेला की गाणं अडखळतं आणि लोक म्हणतात, जुनंच ना ते. खरखर बघायला चाळीस ते चारशे हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर मोठ्यानं वाजवा. कडी, कोयंडा, बिजागरी, कोण बोलतंय ते कळेल. तिथे फेल्टचा तुकडा.

आणि नावं. गेल्या वेळी मी तपासलं नव्हतं असं नाही. खोलीत बसून एकेक स्पीकर लावला, वाजवला, बंद केला, पुढचा घेतला. एकेक करून सगळेच छान वाजतात! तपासायचं तर सगळे एकदम चालू करून, आणि आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या फोनवरून, ज्याला आधीची एकही जोडणी ठाऊक नाही. यादीत अकरा वेगळी नावं दिसली पाहिजेत. दहा दिसली तर झोपायचं नाही. तेच नाव स्पीकरच्या अंगावर चिठ्ठीनं चिकटवा, म्हणजे ट्रंक हातात घेणारा ट्रंकच दाबेल. नाव न बदलणारी मॉड्यूल आधीच बसवून झाली असतील तर स्टॉलवर एका वेळी एकच चालू, बाकीच्यांचं बटण बंद. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं आणि चार गेले. या मॉड्यूलना जोडणीचा गुप्त आकडा नसतो, जो आधी जोडेल त्याचं, त्यामुळे ऐकवून झालं की गिऱ्हाइकाला त्याच्या फोनमधून जोडणी काढून टाकायला सांगा, नाहीतर तो माणूस चहाच्या गाडीपर्यंत पोचला तरी स्पीकर त्याच्याच ताब्यात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, लांब वायरचा. क्यूआरचा फलक, सुट्टे, बिलबुक, टेप, स्क्रू ड्रायव्हर, दोन जादा चार्जर. रात्री दहानंतर बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत, कारण दुपारी स्टॉल सोडून जेवायला जाता येत नाही. एका माणसाला सोबत घ्या, पण त्याला भाव नीट सांगून ठेवा. घरचा बुश मी नुसता शोभेला नेला होता आणि धाकट्या भावानं त्याचा भाव बाराशे सांगून टाकला. तो रेडिओ यंदा कपाटातच.

नावं बघितली का?