गणपतीच्या देखाव्यात 'होलोग्राम' करताय? या चुका टाळा

भाद्रपद जवळ आला की ठाण्यातल्या मंडळांचे फोन सुरू होतात. "यंदा होलोग्राम करायचाय, प्रोजेक्टर कुठला घेऊ?" पूर्वी नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत मोटारीवर मान हलवणारे पुतळे असायचे, आता चष्म्याशिवाय दिसणारा थ्री-डी देखावा हवा असतो. मागणी चांगलीच आहे. पण फोनवरचा पहिला प्रश्न प्रोजेक्टरचा असतो आणि बिघाडाचं मूळ तिथे क्वचितच सापडतं. मी पाहिलेले बहुतेक देखावे फसले ते उजेडामुळे, कोनामुळे आणि लोक कुठे उभे राहणार याचा विचार न केल्यामुळे.

आधी एक समजून घ्या. मंडपात होतो तो खरा होलोग्राम नव्हे. त्याचा शोध डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये लावला, पुढे १९७१ साली त्यांना नोबेलही मिळालं, पण ते तंत्र पूर्ण वेगळं. आपण करतो ते 'पेपर्स घोस्ट': हेन्री डर्क्स यांची कल्पना आणि जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर दाखवलेला काचेचा खेळ. ४५ अंशांत तिरकी पारदर्शक काच, तिच्याखाली किंवा वर लपवलेलं उजळ चित्र (प्रोजेक्टरने पडद्यावर पाडलेलं किंवा टीव्हीवरचं), आणि त्याचं प्रतिबिंब काचेमागे उभं असल्याचा भास. दुसरा प्रकार जाळीचा: बारीक विणीच्या पारदर्शक पडद्यावर सरळ प्रोजेक्शन. दोन्हींत आकृती सपाटच असते. मागच्या खऱ्या नेपथ्यापासून ती सुटी दिसते, म्हणून डोळ्यांना खोली जाणवते. त्यामुळे मागे नेपथ्यच नसेल तर थ्री-डीही नाही. नुसता काळा पडदा मागे टाकून "सपाट दिसतंय" म्हणणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असतो: चार फूट मागे बुरुजाची एक कमान उभी करा, तिच्यावर बाजूने मंद दिवा टाका, मग बघा.

जागा न मोजता आकृतीची उंची ठरवणं

काच ४५ अंशांत असते, म्हणून आकृती जितकी उंच, तितकीच मंडपाची पुढून मागे खोली काचेला लागते. ६ फुटी मावळा हवा तर काचेखाली पुढून मागे ६ फूट जागा आणि काचेची तिरकी लांबी साधारण साडेआठ फूट. बाजारातली ८ बाय ४ ची अॅक्रिलिक शीट तिरकी लावली की जेमतेम साडेपाच फूट उंची मिळते. गल्लीतल्या मंडपात एवढी खोली काढायची तर मूर्तीची जागा सरकवावी लागते, आणि ते बांबू उभे राहण्याआधीच ठरायला हवं.

पाय हवेत तरंगणं ही याच हिशेबातली चूक. चित्र जमिनीवर असेल तर काचेचा वरचा काठ प्रेक्षकांकडे झुकतो आणि खालचा काठ मागे राहतो. आकृतीचे पाय त्या मागच्या काठाला टेकून हवेत, डोकं प्रेक्षकांच्या बाजूला. मध्ये अर्धा फूट सुटला तर मावळाही अर्धा फूट वर तरंगतो. चित्राचा पडदा काचेपासून २ फूट खाली नेलात तर आकृती २ फूट मागे सरकते. खऱ्या कमानीजवळ ती उभी करायची असेल तेव्हा हा हिशेब फार उपयोगी पडतो.

जाड शीट घेऊ नका. काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रतिबिंब येतं. ८ मिलिमीटर जाडीला ती दोन प्रतिबिंबं सुमारे ६ मिलिमीटरने सरकतात आणि चेहऱ्याला दुहेरी कडा दिसते. लोक याला 'फोकस गेला' म्हणतात आणि प्रोजेक्टरची रिंग फिरवत बसतात. शिवाय मोठी शीट मधोमध झोळते, मग माणूस आरशांच्या जत्रेतल्यासारखा लांब-आखूड दिसतो. चौकटीत ताणून बसवलेली पातळ पारदर्शक फिल्म हे दोन्ही त्रास घालवते. फक्त ती चारही बाजूंनी सारखी ताणावी लागते, आणि हे काम घाईत होत नाही.

उजेड

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

साधी पारदर्शक काच ४५ अंशांत पडलेल्या उजेडातला जेमतेम १० टक्के परत देते, बाकीचा आरपार जातो. म्हणजे तुमच्या चित्राचा नव्वद टक्के उजेड प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. जाळीवरही बराचसा भोकांतून निघून जातो. अशा वेळी ३,००० ल्युमेन्सचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर, समोर रांगेसाठी लावलेले दोन हॅलोजन आणि वरून रस्त्यावरचा दिवा असेल, तर चित्र धुतल्यासारखंच दिसणार. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजींची २८ फूट उंच आणि ६ फूट रुंद प्रतिमा उभी राहिली, तिथे ३०,००० ल्युमेन्सचा फोर-के प्रोजेक्टर होता. वर्गणीच्या पैशांत ते होणार नाही. आपल्याला अंधार स्वस्तात मिळतो, तर तोच विकत घ्या: काळी कनात, काळं मखमली कापड, वरून ताडपत्रीखाली आणखी एक काळा थर. पांढऱ्या सॅटिनच्या झालरी देखाव्याच्या आत अजिबात नकोत.

तपासणी नेहमी रात्री करा, रांगेचे सगळे दिवे चालू ठेवून. दुपारी कनात पाडून घेतलेली तालीम फसवते.

चित्राभोवती राखाडी चौकोन दिसतो का? व्हिडिओतली काळी जागा प्रोजेक्टर पूर्ण काळी दाखवत नाही, थोडा उजेड गळतोच. पार्श्वभूमी शुद्ध काळी आहे ना ते आधी पाहा, मग ब्राइटनेस खाली आणा. तरीही राहिला तर लेन्ससमोर काळ्या कागदाची खिडकी कापून लावा. काचेच्या पद्धतीत एलईडी वॉल वापरलीत तर हा त्रास बराच कमी होतो, कारण तिथे काळं म्हणजे दिवा बंदच.

एलसीडी टीव्ही आडवा टाकून काम भागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा प्रकाश एकाच दिशेने कंपन पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो, आणि तिरकी काच एका दिशेचा प्रकाश दुसरीपेक्षा दहापट जास्त परावर्तित करते. तोच टीव्ही एका बाजूने ठेवला तर मावळा ठसठशीत, ९० अंशांत फिरवला तर जवळजवळ गायब. चौकट ठोकण्याआधी टीव्ही दोन्ही बाजूंनी ठेवून पाहा.

मूर्तीवर पडणारं चित्र

जाळी वापरणाऱ्यांची ही ठरलेली चूक. प्रोजेक्टर समोर सरळ लावला की जाळीतून निसटलेला उजेड मागे मूर्तीवर आणि पडद्यावर पडतो. एकाच मावळ्याचे दोन मावळे होतात, आणि एक बाप्पाच्या सोंडेवर. प्रोजेक्टर उंचावर बांधून तीव्र कोनात खाली झुकवा, म्हणजे निसटलेला उजेड जमिनीवर उतरेल. जमिनीवर काळं कापड. तिरकेपणामुळे चित्र समलंब होतं, ते प्रोजेक्टरच्या 'कीस्टोन' सेटिंगने सरळ करता येतं.

डावी-उजवी

काचेतलं प्रतिबिंब उलटं असतं. माझ्या पहिल्याच देखाव्यात हे सुटलं. तालीम कितीदा पाहिली, पण उद्घाटनाच्या आरतीनंतर एका आजोबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बाळा, महाराजांची तलवार डाव्या हातात दिसतेय." रात्री दीड वाजता व्हिडिओ उलटवून चालवला. तेव्हापासून तालमीच्या पहिल्या फ्रेममध्ये मी मोठ्ठं 'श्री' ठेवतो. ते सरळ वाचता आलं की पुढचं.

रांग कुठून जाते?

दर्शनाची रांग समोर थांबत नाही, बाजूने सरकते. अगदी कडेने पाहणाऱ्याला आकृती अरुंद दिसते किंवा काचेखालचं चित्रच उघडं पडतं. रांगेत पाच ठिकाणी उभं राहून पाहा. एकदा खुर्चीवर चढून पाहा, कारण वडिलांच्या खांद्यावरच्या मुलाला वरून सगळं दिसतं. काचेखालचं चित्र झाकणारी समोरची पट्टी त्याच्या नजरेने उंच करा.

काच आणि जाळीऐवजी लेंटिक्युलर भिंगाचा (पडद्यावर बारीक उभ्या भिंगांच्या पट्ट्या असलेला) चष्मारहित थ्री-डी टीव्ही भाड्याने घेत असाल, तर त्यावर चष्म्याचा जुना थ्री-डी सिनेमा लावू नका, त्या पडद्याला त्याच्या बनावटीचा व्हिडिओ लागतो. आणि ८ दृश्यांचा, म्हणजे आठ वेगवेगळ्या कोनांतून वेगळं चित्र दाखवणारा पडदा असेल तर फोर-केचे ८३ लाख ठिपके आठांत वाटले जातात, एका दृश्याला दहा लाखांच्या आसपास. बारीक अक्षरं फुटतात. नावं मोठी आणि जाड ठेवा.

आरती, धूप आणि पाऊस

फिल्म आणि अॅक्रिलिक दोन्ही पेट घेतात. निरांजन आणि कापूर त्यांच्यापासून लांब, हे मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवशीच सांगा. तेवणारी समईही काचेत दिसते आणि मावळ्याच्या छातीवर ज्योत उमटते, म्हणून तिची जागा बदलून पाहा. धुपाच्या धुरात प्रोजेक्टरचा झोत दिसू लागतो आणि फिल्टर काजळीने भरतो. दर दोन दिवसांनी तो स्वच्छ करा. पावसाच्या दमट रात्री देखावा बंद केल्याबरोबर प्लग काढू नका, पंखा थांबेपर्यंत वाट पाहा.

विसर्जनानंतर फिल्मची घडी घालू नका. कागदी नळीवर सैल गुंडाळून ठेवा. घडीची रेघ निघत नाही, आणि पुढच्या वर्षी ती नेमकी चेहऱ्यावरून जाते.