कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डासाठी उभं राहायचंय? माझा २०२२ चा अनुभव

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि सिटिझन झालेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मी बे एरियातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या बोर्डासाठी (कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांचे कोर्स देणारं सरकारी कॉलेज, आणि अशी एक किंवा जास्त कॉलेजेस चालवणारं ते डिस्ट्रिक्ट) उभी राहिले आणि हरले. मुदत चार वर्षांची असते, त्यामुळे माझ्या एरियाची (डिस्ट्रिक्टमधल्या माझ्या मतदारसंघाची) सीट आता ३ नोव्हेंबर २०२६ ला परत आहे आणि मी परत उभी राहणार आहे. पहिल्या खेपेला जे कोणीच सांगितलं नव्हतं ते सगळं इथे सांगते.

आधी हे डोक्यात का आलं ते. मी एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१ व्हिसावर आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून आले तेव्हा काम करायची परवानगी नव्हती, हातात पुण्याचं बी.कॉम. आणि कडेवर वर्षाचं मूल. संध्याकाळी नवरा घरी आला की मी पोळ्या झाकून ठेवून कॉलेजला अकाउंटिंगच्या क्लासला पळायचे. एका बाजूला हॉटेलात रूम साफ करणारी मेक्सिकन बाई बसायची, दुसऱ्या बाजूला लेऑफ झालेला पन्नाशीचा माणूस. आज मी टॅक्सचं काम करते ते त्या क्लासच्या जोरावर. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की तो संध्याकाळचा क्लास बंद होऊन फक्त ऑनलाइन होणार, म्हणून मी बोर्ड मीटिंगला बोलायला गेले. तीन मिनिटं मिळाली. टेबलामागे सात जण बसलेले, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की हे सात जण, म्हणजे कॉलेजचे ट्रस्टी, आपल्याच मतांनी निवडून येतात, आणि मी आदल्या निवडणुकीत नेमका तोच रकाना कोरा सोडला होता.

आपल्याकडे कॉलेजचा ट्रस्टी म्हटलं की ज्यानं संस्था काढली तो किंवा त्याचा मुलगा, असंच डोळ्यासमोर येतं. इथला ट्रस्टी तसा नाही. पुण्यात विद्यापीठाच्या सिनेटला पदवीधर म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, तसंही इथे नाही, त्या एरियातला कोणीही मतदार मत देतो. ट्रस्टीनं प्राध्यापकाला हुकूम सोडायचे नसतात, कोणाला अॅडमिशन मिळवून द्यायची नसते. चॅन्सेलर (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमणं, बजेट मंजूर करणं, धोरण ठरवणं ही बोर्डाची कामं, आणि तीही सगळ्यांसमोर. १९५३ चा ब्राउन अॅक्ट म्हणून कायदा आहे, त्यात बोर्डाच्या बहुमताएवढ्या लोकांनी मीटिंगबाहेर कॉलेजच्या कामावर चर्चा करायची नाही. म्हणजे सातातले चार जण चहाला बसून बजेटवर बोलले तर तो कायदाभंग, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलले तरी तेच.

राज्यात अशी ११६ कॉलेजेस आहेत आणि ती ७३ डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेली आहेत. राज्याच्या रहिवाशाला फी २०१२ पासून युनिटला (कोर्सच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर, ती राज्य ठरवतं, बोर्ड नाही. हे पाठ असू द्या कारण दारोदारी लोक हाच प्रश्न विचारतात, 'फी कमी करणार का?' आणि तिथे हो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं.

उभं राहायला काय लागतं? वय १८, नागरिकत्व, त्या डिस्ट्रिक्टमध्ये (आणि एरियानुसार निवडणूक असेल तर त्या एरियात) घर आणि मतदार यादीत नाव. ग्रीन कार्डवर चालत नाही. पक्षाचं नाव बॅलटवर (मतपत्रिकेवर) येत नाही. पूर्वी बऱ्याच ठिकाणी अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून निवडून यावं लागायचं, कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या व्होटिंग राइट्स (मताधिकार) कायद्यानंतर एकेक करत बहुतेक जण एरियावर आले, आणि माझ्यासारखीला पायी फिरून प्रचार करणं जमतं ते त्यामुळेच.

फॉर्म खूप आहेत पण एकही अवघड नाही. एक रुपया गोळा किंवा खर्च करायच्या आधी फॉर्म ५०१, म्हणजे उभं राहायचा इरादा कळवायचा. दोन हजार डॉलरच्या आत भागवणार असाल तर ४७०, त्याच्यावर गेलात की ४१० भरून कमिटी करायची, वेगळं बँक खातं काढायचं आणि मग ठरलेल्या तारखांना ४६० मध्ये पै-पैचा हिशोब. शिवाय ७०० मध्ये स्वतःची गुंतवणूक, उत्पन्न जाहीर करायचं. मी टॅक्सवाली असल्यामुळे मला यात मजा आली, पण ज्यांना हिशोबाचा कंटाळा आहे त्यांनी खजिनदार आधी शोधा आणि उमेदवारी नंतर.

पैशांबद्दल आपल्या लोकांची एक चूक होऊ शकते म्हणून ठळक सांगते. भारतातल्या भावाकडून, काकांकडून प्रचाराला पैसे घ्यायचे नाहीत. एच-१ वरच्या मैत्रिणीकडूनही नाही, परदेशी नागरिकाला इथल्या कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-१ वाली मैत्रीण तुमच्याबरोबर फुकट फिरू शकते, पत्रकं वाटू शकते, आणि माझ्या दोघी-तिघी अशा भर उन्हात फिरल्या की मी ते जन्मभर विसरणार नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून कोणी माझं नाव घेतलं नाही आणि मी तशी गळही घातली नाही, करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेनं उमेदवाराचा प्रचार केला तर तिची ती सवलतच धोक्यात येते. आरती झाल्यावर बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून ओळखीच्यांशी बोलले, तेवढंच.

बॅलटवर नावाखाली व्यवसाय लिहायचा असतो, फार तर तीन शब्द, आणि तुम्ही खरंच करता तेच काम. मतदार पुस्तिकेत स्टेटमेंट आमच्याकडे २०० शब्दांचं, आणि त्याचा खर्च आपल्याच खिशातून, आमच्या काउंटीत तो हजारांत होता. तरी तो कराच. माझा पहिला मसुदा सव्वाचारशे शब्दांचा झाला होता, मुलीनं डायनिंग टेबलवर बसून लाल पेननं निम्म्याहून जास्त उडवला, आणि जे उरलं त्यात संध्याकाळचा क्लास, मेक्सिकन बाई आणि बजेट वाचता येतं एवढंच होतं. लोकांच्या लक्षात तेच राहिलं.

प्राध्यापकांची युनियन, कामगार संघटना, स्थानिक पक्ष हे सगळे मुलाखत घेऊन पाठिंबा ठरवतात, आणि ते फार लवकर सुरू होतं. मला युनियननं पार्ट-टाइम प्राध्यापकांबद्दल विचारलं आणि मी तयार नव्हते. एका डिस्ट्रिक्टमध्ये पार्ट-टायमरला फुल-टाइमच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त लोड (शिकवण्याचं काम) देता येत नाही, म्हणून ही माणसं सकाळी एका कॉलेजात, दुपारी पन्नास मैलांवर दुसऱ्यात शिकवतात, त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. ज्यांनी मला डेबिट-क्रेडिट शिकवलं ते सर तसेच होते, हे मला त्या मुलाखतीनंतर उमगलं. ही गोष्ट मला माहीत असायलाच हवी होती, तुम्ही तरी माहीत करून जा.

आता माझी मोठी चूक. मी दारोदारी फिरायला सुरुवात केली ऑक्टोबरच्या मध्यावर. कॅलिफोर्नियात २९ दिवस आधी प्रत्येक मतदाराला बॅलट पोस्टानं जातं, त्यामुळे मी बेल वाजवली तेव्हा कितीतरी घरांतून ते भरून परत गेलेलं होतं. एका दारात सत्तरीच्या फिलिपिनो आजी होत्या, म्हणाल्या थांब, अजून टाकलेलं नाही, आणि बॅलटच घेऊन आल्या. गव्हर्नर, सेनेटर, सगळी प्रपोझिशन्स (मतदारांपुढे ठेवलेले प्रस्ताव), निळ्या पेनानं गोल काठोकाठ भरलेले, एकही रेघ बाहेर नाही. कॉलेज बोर्डाचे गोल कोरे. 'यातलं कोणालाच ओळखत नाही, उगाच चुकीच्या माणसाला मत कशाला द्यायचं?' त्यांची नात आमच्याच कॉलेजात नर्सिंगला होती. आम्ही दारातच दहा मिनिटं बोललो. त्या दिवसापासून मला वाटतं की ही निवडणूक या कोऱ्या गोलांचीच आहे, जो उमेदवार तिथवर आधी पोचेल त्याची. यंदा मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडणार.

हरल्यावर महिनाभर काही सुचलं नाही, खरं सांगते. मग कॉलेजच्या बाँडवर (इमारतींसाठी मतदारांच्या मंजुरीनं काढलेल्या कर्जावर) देखरेख करणाऱ्या नागरिक समितीत अर्ज केला आणि निवड झाली. ५५ टक्के मतांनी पास झालेल्या बाँडला अशी समिती लागतेच, त्यात करदाते, ज्येष्ठ, विद्यार्थी, व्यावसायिक अशा जागा असतात, आणि बऱ्याचदा त्या रिकाम्या पडून असतात. दोन वर्षं इमारतींची बिलं, ऑडिट वाचलं, कॉलेज आतून चालतं कसं ते तिथे कळलं. एकदम निवडणूक नको वाटत असेल तर इथून सुरुवात करा, यासाठी बॅलटवर नाव लागत नाही.

यंदा उमेदवारीचे अर्ज १३ जुलैपासून काउंटीच्या निवडणूक ऑफिसात मिळतील, मुदत ७ ऑगस्टपर्यंत, आणि आत्ताचा ट्रस्टी परत उभा राहिला नाही तर बाकीच्यांना १२ ऑगस्टपर्यंत. शेवटच्या दिवशी जाऊ नका, एखादी सही राहिली तर परत यायला वेळ हवा. त्याआधी आपल्या पत्त्यावरून डिस्ट्रिक्ट कोणतं, एरिया कोणता आणि यंदा त्या एरियात निवडणूक आहे का ते बघून ठेवा, आणि निदान एक बोर्ड मीटिंग प्रत्यक्ष जाऊन शेवटपर्यंत ऐका, अजेंडा ७२ तास आधी लागलेला असतो.