लायसन हरवले आणि भाचा विलायतेहून आला

गणेश चवथीच्या आदल्या शुक्रवारी गोव्यात, म्हापशाच्या बाजारात पाकीट गेले. एका हातात सुपारीचा घोस, दुसऱ्या हातात आंबाड्यांची फांदी, माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचे) बाकीचे सामान बायकोकडे, आणि खिशाकडे लक्ष कोणाचेच नाही. एटीएम कार्ड फोनवरून दहा मिनिटांत बंद केले. लायसनने मात्र घोळ घातला, आणि त्यातला अर्धा माझाच होता, कारण मी कामे उलट्या क्रमाने केली. त्यातच ब्रिटनमधल्या स्विंडनहून भाचा आला आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "मामा, स्कूटरची चावी दे ना." माझ्याकडे लायसन होते पण कार्ड नव्हते. त्याच्याकडे कार्ड होते, पण आपल्या रस्त्यावर ते पुरत नव्हते. दोन्ही गोष्टी निस्तरताना जे कळले ते इथे क्रमाने लिहितो.

नंबर शोधा

मी आधी आरटीओत गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न आला, "नंबर?" नंबर कार्डावर होता आणि कार्ड हरवले होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की लायसन म्हणजे ते प्लास्टिक नव्हे. लायसन म्हणजे सरकारी संगणकातली नोंद, कार्ड ही तिची एक प्रत. नोंद शाबूत असेल तर फारसे काही बिघडलेले नसते.

नंबर पंधरा अक्षरांचा असतो. सुरुवातीला जीए, मग कार्यालयाचे दोन आकडे (०१ पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को), मग लायसन दिल्याचे वर्ष आणि शेवटी सात आकडे. घरात कुठेतरी झेरॉक्स असतेच. सिमकार्ड घेताना दिलेली, हॉटेलात दिलेली, विम्याच्या दाव्याला जोडलेली. फोनच्या गॅलरीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या फोटोंतही शोधा. मला नंबर मिळाला तो जुन्या अपघाताच्या विमा फाइलीत. अपघाताचा झालेला हा एकमेव फायदा.

ज्यांचे लायसन जुन्या पुस्तिकेचे आहे त्यांचे गणित वेगळे. बऱ्याच पुस्तिका संगणकात चढलेल्याच नाहीत. ऑनलाइन नंबर टाकला की "नोंद सापडत नाही" येते. अशा वेळी घरी बसून डोके आपटू नका. जिथून लायसन दिले गेले त्याच कार्यालयात जा आणि आधी जुन्या नोंदवहीवरून संगणकात नोंद चढवून घ्या. त्यानंतरच दुय्यम प्रतीचा विषय.

पोलीस ठाण्यात नोंद

एफआयआर लागतो अशी एक समजूत आहे. पाकीट चोरीला गेले असेल तर तक्रार करायचीच, पण नुसते हरवले असेल तर हरवल्याची नोंद पुरते. कुठे, कधी आणि पाकिटात काय काय होते ते लिहून द्यायचे, लायसनचा नंबर घालायचा आणि शिक्क्याची प्रत घ्यायची. आपला फोन नंबर विसरू नका. तो का, ते शेवटी कळेल.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. लायसन पोलिसांनी जप्त केले असेल किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल निलंबित झाले असेल, तर ते हरवलेले नसते. "हरवले म्हणून दुसरे काढ" असा सल्ला देणारे नाक्यावर भेटतात. ते खोटे निवेदन ठरते, आणि निलंबनाची नोंद त्याच संगणकात असते.

डिजिलॉकर, तोपर्यंत

नवे कार्ड येईपर्यंत गाडी बंद ठेवायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधले लायसन २०१८ च्या शेवटी झालेल्या नियमदुरुस्तीपासून मूळ कागदासारखेच धरले जाते. कार्डाचा फोटो किंवा झेरॉक्स मात्र चालत नाही. अनेकजण इथेच चुकतात आणि मग पोलिसाशी हुज्जत घालतात.

गोव्यात यात एक खास अडचण येते, नावाच्या स्पेलिंगची. आधारवर परब आणि लायसनवर पोरोब. आधारवर प्रभुदेसाई आणि लायसनवर प्रभू देसाई, तेही 'देसाई'त एस दोनदा. पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे अजून आपल्या कागदांवर बसून आहेत, आणि डिजिलॉकर आधारवरच्या नावाशी लायसनवरचे नाव ताडून बघते. जुळले नाही की लायसन उतरतच नाही. असे झाले तर एमपरिवहनवर प्रयत्न करा, आणि आरटीओत अर्ज करताना नावदुरुस्तीही त्यातच करून घ्या.

अर्ज

सारथी परिवहन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर जा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघा. शोधताना वर जाहिरातीत दुसरीच संकेतस्थळे येतात आणि 'सेवा शुल्क' उकळतात. राज्य म्हणून गोवा निवडा, लायसनविषयक सेवांत जा, नंबर आणि जन्मतारीख टाका. तुमची नोंद समोर येईल. ती नीट वाचा. पत्ता जुना असेल, मोटरसायकल आणि कार यांतले एकच दिसत असेल, तर तसेच पुढे जाऊ नका.

मग सेवांची यादी येते. त्यात 'दुय्यम लायसन' निवडायचे. पण निवडण्याआधी मुदत बघा. मी बघितली नव्हती. दुय्यम प्रतीवर मुदत जुनीच राहते, नवी मिळत नाही. आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येते. माझ्या लायसनचे सात महिने उरले होते. दोन्ही सेवा एकाच अर्जात टिचकवता येतात हे माहीत असते तर पुढच्या वर्षीची फेरी वाचली असती. नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, नमुना १-अ, तेवढे तयार ठेवा. जहाजावर जाणाऱ्या आपल्या तारवटी मंडळींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि समुद्रावर नऊ महिने कधी गेले ते कळत नाही.

आधारने ओळख पटवली तर कार्यालयात न जाताही दुय्यम लायसन मिळते. ही सोय मार्च २०२१ पासून आहे. आधारवरचे नाव जुळत नसेल तर नेहमीचा मार्ग: पोलीस नोंद, पत्त्याचा पुरावा, फोटो अपलोड, शुल्क ऑनलाइन, आणि पावती घेऊन कार्यालय. पावतीची प्रिंट काढा. खिडकीवर फोन पुढे केला तर "प्रिंट आणा" हेच ऐकू येते. कार्यालयाबाहेर एजंट भेटतील. कागदपत्रांचा गुंता असेल तर एखाद्याला त्यांची मदत होतही असेल, पण सरळ दुय्यम प्रतीसाठी त्यांना पैसे देण्यासारखे त्यात काहीच नाही.

आणि चवथीच्या आठवड्यात जाऊ नका. मी गेलो होतो.

आता भाच्याची गोष्ट

परदेशी लायसनवर इथे गाडी चालवता येते का? पर्यटक म्हणून आलेल्याला येते, पण त्याच्या देशाचे मूळ लायसन आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. हा परवाना म्हणजे १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारातली पुस्तिका. ते स्वतंत्र लायसन नाही, मूळ लायसनचे भाषांतर आहे. म्हणून मूळ कार्ड घरी ठेवून नुसती पुस्तिका दाखवली तर तिला अर्थ उरत नाही.

लोक अडकतात ते पुढच्या मुद्द्यावर. हा परवाना लायसन देणाऱ्या देशातच मिळतो. मोपाच्या किंवा दाबोळीच्या विमानतळावर उतरल्यावर इथल्या आरटीओकडून ब्रिटिश लायसनवर तो काढता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ च्या एप्रिलपासून तो पेपॉइंटच्या दुकानांत साडेपाच पौंडांना मिळतो, त्याआधी पोस्टात मिळायचा. भाच्याने तिथून तो आणला होता. मला बरे वाटले. मग मी आतले पान उघडले.

शिक्का 'बी' गटावर होता. बी म्हणजे कार. ए गट, म्हणजे मोटरसायकल, कोरा. तिथे त्याने एका दिवसाचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले होते आणि लाल एलची पाटी लावून १२५ सीसीची गाडी चालवत होता, म्हणून त्याला वाटले की स्कूटर चालते. ते प्रशिक्षण ब्रिटनपुरतेच. आपली ११० सीसीची स्कूटर चालवायला त्याला निदान ए-वन, म्हणजे १२५ सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचा गट हवा. तो नव्हता. म्हणजे कार चालव, स्कूटर नाही.

"सगळेच चालवतात, मामा. कळंगुटला बघ." खरे आहे, बघतो. पण चावी देणाऱ्यालाही कायदा लागू होतो. लायसन नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड, चालवणाऱ्याला वेगळा ५,०००. दंडाचे एक वेळ सोडा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसनचा गट बघते. समोरच्या जखमीला तिने पैसे दिले तरी ते नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करता येतात. त्या स्कूटरच्या कागदावर नाव माझे आहे.

भाड्याची गाडी घेणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगा. काळी पाटी, पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. ओळखीच्या कोणाची खाजगी गाडी 'भाड्याने' घेतली तर लायसन अस्सल असूनही पंचाईत होते.

परदेशी माणूस इथेच दीर्घकाळ राहणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर निभत नाही. त्याने भारतीय लायसन काढावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मध्ये परदेशी लायसन असलेल्याला चाचणीतून सवलत दिलेली आहे. पासपोर्ट, व्हिसा, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि मूळ लायसन घेऊन आरटीओत बोला, लायसन इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतरही.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी

आपल्या घरातले जास्त लोक इथून तिकडे जातात, म्हणून थोडे त्याबद्दल. भारतीय आंतरराष्ट्रीय परवाना त्याच सारथी पोर्टलवरून, नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसनच्या मुदतीपलीकडे कधीच नाही. लायसन हरवलेले असेल तर आधी दुय्यम प्रत, मग परवाना. तिकीट काढल्यावर धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी सुरुवात करा. तिकडे पोचल्यावर कार्ड हरवले तर आपला दूतावास नवे लायसन काढून देत नाही.

'किती दिवस चालेल' याचे उत्तर तुम्ही पाहुणे आहात की रहिवासी यावर ठरते. ब्रिटनमध्ये राहायला गेलात तर भारतीय लायसनवर बारा महिने, मग तिथली परीक्षा, कारण थेट बदलून देण्याच्या देशांत भारत नाही. जर्मनीत सहा महिने. अमिरातीत राहण्याचा व्हिसा लागला की तिथलेच लायसन. चीन आंतरराष्ट्रीय परवाना मानतच नाही.

भाच्याने चवथीचे पाच दिवस माझ्या मागे बसून काढले. माझे नाव सुदैवाने दोन्हीकडे सारखे, तेव्हा डिजिलॉकर फोनमध्ये होते. एकदा नाक्यावर अडवले, दाखवले, सोडले. नवे कार्ड आल्यावर पंधरवड्याने पोलीस ठाण्यातून फोन आला. एका फुलवालीला टोपलीखाली पाकीट सापडले होते, आणि नोंदीवर माझा नंबर होता. पैसे नव्हते, लायसन होते. दुय्यम प्रत घेतल्यावर जुने कार्ड सापडले तर ते ठेवायचे नसते, आरटीओला परत करायचे असते. नेऊन दिले. पोच घेतली.