हळद लावताय? आधी बेणं कोणतं आहे ते बघा

अक्षय तृतीया झाली, वसमत, कळमनुरी, अर्धापूरकडं गादीवाफे पाडायलेत आन बेण्यासाठी फोनाफोनी चालू झालीय. बरेच जण विचारायलेत की करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) वाढवायला काय फवारू. भाऊ, त्याचा पाया बेण्यातच असतो, म्हणून आत्ताच सांगायलोय, एकदा गड्डा मातीत गेला की नऊ महिने हातात फार काही राहत नाही.

हळदीचा पिवळा रंग आणि बराचसा औषधी गुण करक्युमिनमुळं, आणि ते झाड स्वतःच बनवतं. सुरुवात फेनिलॲलनिन नावाच्या अमिनो आम्लापासून होते, शेवटच्या टप्प्याला डीसीएस आणि सीयूआरएस ही एन्झाइम, म्हणजे झाडातलं बनवायचं काम घडवून आणणारी प्रथिनं, लागतात, जपानच्या शास्त्रज्ञांनी 2009 मधी हे दाखवून दिलं. एन्झाइम बनवायची माहिती जीनमधी असते, पण नुसतं जीन असून भागत नाही, ते चालू व्हावं लागतं. झाडात द्रव्य बनवायच्या अशा टप्प्यांच्या साखळ्या चालू-बंद करायचं काम एमवायबी गटातली प्रथिनं करतात, मोटरला स्टार्टर असतो ना तसं. कोणत्या वाणात हे किती जोरात चालतं ते वेगळं, त्यात जमीन, ऊन, पाणी यांचा फरक पडतो, म्हणून एकच वाण दोन गावात दोन आकडे दाखवतो.

आता मुद्द्याचं. हळद आपण बियापासून लावतच नाही, गड्डा लावतो, म्हणजे मायझाडाची हुबेहूब नक्कल. प्लॉटमधी भेसळ असेल तर ती दरवर्षी तशीच पुढं येणार. आपल्याकडं सगळेच आपला वाण सेलम म्हणतात पण कितीतरी शेतात दोन-तीन वाण मिसळलेले आहेत. म्हणून बेणं ज्याचं शेत उभं असताना बघितलंय त्याच्याकडूनच घ्या, आडतीवरचं ढिगातलं नको. फुले स्वरूपा या वाणाचं करक्युमिन 5 टक्क्यांच्या वर, कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या प्रतिभाचं 6 च्या वर दिलेलं आहे, पण ऐकून सगळी सेलम मोडू नका, तिचं वजन आपल्या काळ्या रानात चांगलं उतरतं. दोन-तीन गुंठ्यात नवा वाण लावा, वाफ्याला पाटी लावा.

जेठे गड्डे 50 ग्रॅमच्या वरचे, निरोगी, कंदमाशी किंवा कुज नसलेले निवडा. एकरी 8 ते 10 क्विंटल लागतं. 10 लिटर पाण्यात क्विनॉलफॉस 20 मिली आणि कार्बेन्डाझिम 20 ग्रॅम टाकून 15-20 मिनिटं बुडवा, हातमोजे घाला, सावलीत सुकवा, मग लावा. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) लगेच त्यातच मिसळू नका, बुरशीनाशकानं ते मरतं, ते नंतर शेणखतातून द्या.

आणि हो, 'करक्युमिन बूस्टर' म्हणून ज्या बाटल्या विकायलेत त्याच्या नादी लागू नका. प्रयोगशाळेत जास्मोनेटसारखं द्रव्य दिल्यावर झाडाची औषधी द्रव्यं वाढलेली दिसतात हे खरंय, पण ते काचेच्या भांड्यात, मोजून मापून, तुमच्या वाफ्यावर तसंच होईल याची खात्री कोण देणार? ते पैसे वाचवा आणि काढणीला दोन्ही वाणांची हळद वेगळी शिजवून वेगळी वाळवा, दोन्हीचे नमुने एकाच लॅबला द्या. पुढच्या वर्षीचं बेणं त्या रिपोर्टवर आणि एकरी उताऱ्यावर ठरवा, पॉलिशच्या चमकीवर नाही.