सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली? आधी हे बघा

जमीन घ्यायची असो नाहीतर आजोबांची वाटून घ्यायची असो, आपण सातबारा काढतो, वर नाव दिसलं की झालं म्हणतो. मीपण तेच केलं. वडील गेल्यावर वारसनोंदीला तलाठ्याकडे गेलो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच) तर वडिलांचं नावच नाही, एकट्या मोठ्या काकांचं, आणि नावापुढे बारीक अक्षरात ए.कु.मॅ.

हे तीन अक्षरी प्रकरण नीट समजून घ्या कारण जुन्या सातबाऱ्यांवर सर्रास सापडतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आमचे आजोबा 1962 ला गेले, वडील तेव्हा लहान, म्हणून थोरल्याचं नाव कुटुंबातर्फे लावलं, म्हणजे काका कारभारी, एकटे मालक नाहीत. अ.पा.क. दिसलं तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक तेव्हा अल्पवयीन होता आणि हे नाव फक्त सांभाळणाऱ्याचं. असल्या नावाकडून एकट्याची सही घेऊन जमीन विकत घेतली की पुढे भावंडं कोर्टात भेटतात.

आता क्रमाने बघायचं तर आधी भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या अटीवर धारण केली आहे ते. वर्ग 1 म्हणजे साधारणपणे विकायला मोकळी. वर्ग 2 म्हणजे सरकारने अटीवर दिलेली, विकायला परवानगी लागते आणि बऱ्याचदा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. कुळकायद्याने मिळालेली असेल तर 32म चं सर्टिफिकेट (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) मागा, त्याला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून विकता येते, आकार म्हणजे शेतसारा, त्यामुळे ही रक्कम ऐकायला वाटते तेवढी मोठी नसते.

मग इतर हक्काचा रकाना, जो कोणी वाचतच नाही. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव सगळं तिथे असतं, आणि पूर्वी बहिणींना पण तिथेच बसवायचे! आमच्या आत्याचं नाव तिथेच निघालं. पण ती पण वारस आहे, नाव खालच्या रकान्यात गेलं म्हणून हक्क कमी होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, वडील तेव्हा हयात होते का हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने 2020 ला निकालात काढला.

नावाशेजारी फेरफार नंबर असतो (फेरफार म्हणजे नाव कसं बदललं त्याची नोंद) तो घेऊन मागे मागे जा, कारण खरी गोष्ट फेरफारात असते, वारसाने आली, खरेदीने आली की वाटपाने ते तिथेच कळतं. नुसता बघायचा सातबारा ऑनलाइन फुकट आहे, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो, जुने फेरफार काही जिल्ह्यांचे ऑनलाइन आहेत, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा आणि धूळ खायची तयारी ठेवा. आणि सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, मालकीचा मूळ पुरावा म्हणजे नोंदणी झालेलं खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटपपत्र असले दस्त. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात, तुमचं नोंदवलेलं ॲग्रीमेंट आणि शेअर सर्टिफिकेट म्हणजे फ्लॅट तुमचा, पण खालची जमीन कन्व्हेयन्स (सोसायटीच्या नावावर जमीन करून देणं) होईपर्यंत बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते, तेव्हा मिळकत पत्रिका (शहरातल्या जमिनीचा सातबाराच म्हणा) काढून बघा, सोसायटीचं नाव नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स मिळवायचा, अर्ज करता येतो. आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त सोसायटीपुढे उभा राहणारा माणूस, मालकी वारसांचीच.

आमचं म्हणाल तर ए.कु.मॅ. कमी करायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि 1962 चा फेरफार जोडून अर्ज दिलाय, काकांनी हरकत घेतली नाही. आत्या ऐंशीच्या घरात आहे, चुलतभावाने तिच्यापुढे हक्कसोडपत्र धरलं तर म्हणाली सही नाही, आधी माझं नाव वरच्या रकान्यात घ्या मग बोलू.