शाळेतली सिस्टर आणि डॉक्टर पालकांचा फोन

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून चार वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आणि मग सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात एका शाळेत सिस्टर म्हणून लागले. नाइट ड्यूटी सुटली, रविवार मिळाला, घरचे खूश. दोन महिन्यांत लक्षात आलं, इथं दर वर्गात दोन-तीन पोरं तरी डॉक्टरांची आहेत. सोलापूरच तसं आहे. १९६३ पासून मेडिकल कॉलेज, शेजारी सिव्हिल, आणि धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे पेशंट इथंच येतात. एवढ्या दवाखान्यांतल्या डॉक्टर-सिस्टरांची मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेत असणारच.

शाळेत नव्यानं लागणाऱ्या सिस्टरांनो, ड्रेसिंग, घोळणा फुटणं, फिट हे तुम्हाला येतं, ते सांगत बसत नाही. मला जिथं ठेच लागली तेवढंच सांगते.

मार्च होता, उन्हामुळं सकाळची शाळा झालेली. पावणेनऊला मावशी तिसरीतल्या एका मुलाला घेऊन आल्या. "सिस्टर, पोरगं लई तापलंय बगा." ताप १०१.४, वजन २२ किलो. वडिलांना फोन लावला. ते डॉक्टर, ओपीडीत होते, मागं गलका. "पॅरासिटामॉल द्या, अडीचशेवालं, पाच एमएल. बाराला गाडी पाठवतो." बोलता बोलता मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. "यस सर" म्हणाले आणि दिलं. डोस चुकीचा नव्हता. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम धरलं तर २२ किलोला अडीचशे अगदी बसतं.

साडेनऊला आईचा फोन. त्याही डॉक्टर. "साडेसहाला मी डोस देऊन पाठवलाय, साडेदहाच्या आत काही देऊ नका हं."

माझ्या हातात अजून ते मापाचं झाकण होतं, धुवायला घेतलेलं.

मुलाला काही झालं नाही, दुपारी ते डबा खाऊन घरी गेलं. माझं मात्र झालं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वडील म्हणाले, "मी मिसेसना विचारून द्या म्हणालो होतो." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. ओपीडीच्या गर्दीत फोनवर काय बोललो, हे कुणाला आठवतं? पण मुख्याध्यापकांनी "लेखी काय आहे?" विचारलं तेव्हा माझ्याकडं एक अक्षर नव्हतं. मेमो मिळाला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता नीट ऐका, कारण यात तुम्हीही अडकणार आहात. वॉर्डात फोनवर ऑर्डर घ्यायची आपल्याला सवय असते. ऐकायची, लिहायची, परत वाचून दाखवायची, डॉक्टर राउंडला आले की सही घ्यायची. तिथं केसपेपर असतो, आधीचा डोस त्यावर दिसतो, पेशंट त्यांचा असतो. शाळेत फोनवर असतो तो मुलाचा बाप. त्याच्यापुढं कागद नाही, सकाळी घरात काय झालं ते त्याला माहीत असेलच असं नाही, आणि सही करायला तो येणार नाही. आवाज मात्र तोच. घाईही तीच. आणि आपण ट्रेनिंगपासून त्याच आवाजाला उठून उभ्या राहत आलोय. म्हणून फोनवर डॉक्टर आहे हे कळल्यावर दुप्पट सावध व्हा, निम्म्यानं नाही.

मी आता काय करते? शेवटचा डोस कधी, किती, कुणी दिला, हे आधी विचारते. मग पोरालाही विचारते. तिसरीतलं पोर बरोबर सांगतं, "मम्मीनं गुलाबी औषध दिलं." त्यानंतर पालकांना मेसेज टाकायला सांगते. औषधाचं नाव, बाटलीवरचे मिलिग्रॅम, किती एमएल, किती वाजता. नुसतं "पाच एमएल" कुणाचंही घेऊ नका. पाच एमएलला १२५ची बाटली असते आणि २५०चीही, थेंबांचं तर गणितच वेगळं. जूनमधल्या आरोग्य फॉर्मवर मी पालक डॉक्टर असले तरी दुसऱ्या डॉक्टरची सही मागते. काहींना राग येतो. येऊ दे. आपल्या पोराला आपणच लिहून देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

उलटा प्रकारही असतो. पाचवीतली मुलगी झोपाळ्यावरून पडली. आई डॉक्टर. "मुरगळलं असेल, बर्फ लावा, वर्गात बसवा." मी बसवलं. मधल्या सुट्टीत जाऊन बघते तर पोरगी डबा दातानं उघडतेय आणि उजवं मनगट डाव्या तळहातावर वाटीसारखं धरलेलं. परत फोन केला. फ्रॅक्चर हा शब्दसुद्धा काढला नाही, दिसलं तेवढं सांगितलं. वीस मिनिटांत त्या दारात हजर. एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं. निदानावर त्यांच्याशी वाद घालायला गेलात तर हराल. तुमच्या डोळ्यांना काय दिसलं, यावर त्या वाद घालू शकत नाहीत.

माझ्या पहिल्या सीनियर म्हणायच्या, "डॉक्टरांपुढं हो म्हणावं आणि मोकळं व्हावं." बाई प्रेमळ होत्या, पण त्या सल्ल्यानंच माझा घात केला. सात दिवसांत स्कूल नर्स बनवणारे ऑनलाइन कोर्सही येतात. मी एकाला पैसे भरले. सर्टिफिकेट छान आहे, जाड कागदावर.

सगळेच पालक अंगावर येतात असं नाही. दमा असलेल्या एका मुलीची आई स्टाफ नर्स. मी स्पेसरमध्ये, म्हणजे इनहेलरला लावायच्या नळीत, औषधाचे दोन पफ लागोपाठ मारताना तिनं पाहिलं. काही न बोलता तिनं माझा हात धरला, एक पफ दिला, मुलीला सावकाश श्वास घ्यायला लावले, मग दुसरा दिला. "आमच्याकडंबी नवीन पोरी असंच करतात" म्हणाली आणि माझ्या टेबलावरचं पाणी पिऊन गेली. अशीही माणसं भेटतील.

आणि भीती जाते का? माझी नाही गेली. "डॉक्टर बोलतोय" ऐकलं की अजूनही मी खुर्चीतून उठते. उभ्या उभ्याच म्हणते, "सर, तेवढा मेसेज टाका, मग देते." गेल्या आठवड्यात एकांनी फोन आपटला. चार मिनिटांनी मेसेज आला, मिलिग्रॅमसकट.